राजाच्या पुतळ्याची ४२,०८८ काडतुसे : लिचफील्डच्या बागेतील शिशाच्या ओतकामाचे प्रकरण

घरच्या घरी शिसे वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतण्याची असंख्य उदाहरणे इतिहासात सापडतात. परंतु धातू कुठून आला, तो कुणी तोडला, कुणी ओतला आणि शेवटी किती माल तयार झाला, हे आकड्यांनिशी सांगणारी उदाहरणे फारच थोडी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील न्यूयॉर्क ते लिचफील्ड हे प्रकरण त्या थोड्यांपैकी एक आहे. न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाचा पुतळा जमावाने पाडला, हा त्यातला नाट्यमय भाग बहुतेकांना माहीत असतो. प्रस्तुत लेखनाचा विषय त्यानंतरचा आहे: पुतळ्याच्या शिशाचे पुढे काय झाले, आणि ओतकामाच्या हिशेबाचा मेळ पुतळ्याच्या वजनाशी बसतो का.

पुतळा आणि त्याचा धातू

१७६६ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींवरील मुद्रांक कर रद्द केला, तेव्हा न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कृतज्ञतेपोटी दोन पुतळे करून घेण्याचे ठरवले. एक राजाचा आणि दुसरा वसाहतींची बाजू घेणाऱ्या विल्यम पिट यांचा. दोन्ही कामे लंडनचे शिल्पकार जोसेफ विल्टन यांच्याकडे गेली. पिट यांचा पुतळा संगमरवरी होता. राजाचा मात्र घोड्यावर स्वार, रोममधील मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्याच्या धर्तीवर घडवलेला, शिशात ओतलेला आणि वरून सोन्याचा वर्ख दिलेला असा होता. ऑगस्ट १७७० मध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बोलिंग ग्रीन या मोकळ्या जागेत, उंच संगमरवरी चौथऱ्यावर तो बसवण्यात आला.

पुतळ्यासाठी शिसे निवडण्यात त्या काळी वावगे काही नव्हते. कांस्याच्या मानाने ते स्वस्त पडते, अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि साच्याच्या बारीकसारीक खाचांपर्यंत पोहोचते. एवढा मोठा घोडा स्वतःच्या भाराने खचू नये म्हणून आत लोखंडी सांगाडा घातला आणि वर वर्ख चढवला, की लांबून पाहणाऱ्याला सारा पुतळा सोन्याचा भासत असे. मात्र जे शिसे शिल्पकाराच्या भट्टीत सहज वितळते, ते चुलीवरच्या कढईतही तितक्याच सहज वितळते. पुतळा कांस्याचा असता तर कदाचित भंगारात गेला असता किंवा एखाद्या तोफेच्या कामी आला असता. घराच्या आवारात, लाकडाच्या जाळावर, घरच्या मंडळींनी तो संपवणे मात्र शक्य नव्हते. आपल्याकडचा ‘काळा घोडा’ कांस्याचा. १९६५ मध्ये त्याला हलवून राणीच्या बागेत नेऊन ठेवले आणि तो आजही तिथे धडधाकट उभा आहे. न्यूयॉर्कच्या घोड्याची शेपटी तेवढी बरीचशी शाबूत राहिली. तिचा उल्लेख पुढे येईल.

टंचाई

ऑक्टोबर १७७४ मध्ये ब्रिटिश सरकारने वसाहतींकडे शस्त्रे आणि बंदुकीची दारू पाठवण्यावर बंदी घातली. युद्ध पेटल्यावर दारूइतकी नसली तरी शिशाचीही ओढाताण सुरू झाली, कारण वसाहतींतल्या खाणी थोड्या होत्या आणि नेहमीचा माल इंग्लंडहून येत असे. १७७६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या घरांच्या सरकत्या खिडक्यांना तोल देणारी शिशाची वजनेसुद्धा गोळ्यांसाठी गोळा करण्यात येत होती. खिडक्यांतून छटाक-पावशेर धातू काढणाऱ्या शहराच्या ऐन मध्यभागी मण-दोन मण नव्हे, तर टनावारी शिसे उभे असावे आणि ते आता शत्रू ठरलेल्या राजाच्या रूपात असावे, ही विसंगती फार काळ टिकणारी नव्हती.

९ जुलै १७७६ च्या संध्याकाळी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हुकमावरून सैन्याच्या तुकड्यांसमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचण्यात आला. त्यानंतर सैनिक आणि नागरिकांचा जमाव बोलिंग ग्रीनवर आला, दोर लावले गेले आणि पुतळा खाली आला. दुसऱ्या दिवशीच्या आज्ञापत्रात वॉशिंग्टन यांनी हेतूबद्दल आक्षेप न घेता रीतीबद्दल नापसंती नोंदवली: या कृत्याला दंगलीचे आणि बेशिस्तीचे रूप आले, आणि असली कामे योग्य अधिकाऱ्यांवर सोपवायला हवीत, असे त्यांचे म्हणणे होते. शिशाचा उपयोग काय होणार, हे मात्र सगळ्यांनाच ठाऊक होते. १२ जुलैच्या पत्रात न्यूयॉर्कचे पोस्टमास्टर एबेनेझर हॅझर्ड यांनी लिहिले की, आता राजाच्या फौजेवर बहुधा वितळलेले राजेसाहेबच झाडले जातील.

मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीतील आयझॅक बँग्ज या तरुण अधिकाऱ्याची रोजनिशी आपल्याला दोन आकडे देते. पुतळ्यात ४,००० पौंड शिसे होते, म्हणजे सुमारे १,८१४ किलो. आणि वरच्या वर्खातून १० औंस सोने काढून देण्याची तयारी एका इसमाने दाखवली होती. ओतकामाच्या दृष्टीने हे सोने नगण्यच. ते सगळेच्या सगळे गोळ्यांत मुरले असते, तरी पुढे तयार झालेल्या मालात दर गोळीमागे त्याचा वाटा जेमतेम ७ मिलिग्रॅमच्या आसपास गेला असता. राजाच्या सैनिकांना सोन्याच्या गोळ्या लागल्या अशी कल्पना कुणी रंगवली, तर हा हिशेब समोर ठेवावा.

लिचफील्ड हे ठिकाण का

पुतळ्याचे तुकडे जहाजाने कनेटिकटच्या किनाऱ्यावरील नॉरवॉक बंदरात नेण्यात आले आणि तिथून बैलगाड्यांनी उत्तरेकडे, डोंगराळ भागातील लिचफील्ड गावी. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ७० किलोमीटर भरते. चढाच्या रस्त्याने त्याहून अधिक. शिशासारखा जड माल इतका लांब नेण्यामागे दोन कारणे दिसतात. पहिले कारण सुरक्षिततेचे. किनारा ब्रिटिश आरमाराच्या माऱ्यात होता, आणि पुढे ही भीती खरीही ठरली: एप्रिल १७७७ मध्ये डॅनबरीचे कोठार जाळले गेले आणि जुलै १७७९ मध्ये खुद्द नॉरवॉक. दुसरे कारण व्यक्तीचे. लिचफील्ड हे ऑलिव्हर वॉलकॉट यांचे गाव. ते वसाहतींच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे फिलाडेल्फियात भरणाऱ्या प्रतिनिधिसभेत, कनेटिकटचे प्रतिनिधी होते, राज्याच्या नागरी सेनेतही अधिकारी होते. प्रकृती बिघडल्यामुळे जूनच्या अखेरीस त्यांनी फिलाडेल्फिया सोडले होते आणि जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली ती नंतर. धातू कुठे न्यावा आणि त्याचे काय करावे, याचे उत्तर त्यांच्याकडे तयार होते: आपल्याच घरी. साऊथ स्ट्रीटवरचे ते घर आजही उभे आहे.

ओतकाम

वॉलकॉट यांचा धाकटा मुलगा फ्रेडरिक याने पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात या कामाची आठवण सांगितली. घराला लागून असलेल्या सफरचंदांच्या बागेत एक छप्पर उभारले होते. तिथे वडील लाकडे फोडायच्या कुऱ्हाडीने पुतळा तोडत, आणि मुली गोळ्या ओतून त्यांची काडतुसे (त्या काळी कागदात गुंडाळलेली गोळी आणि दारू) करण्यात मजा लुटत. वर्णन छोटेच आहे, परंतु ओतकाम जाणणाऱ्याला त्यातून पुष्कळ काही दिसते.

पहिली गोष्ट कुऱ्हाड. शिसे इतके मऊ असते की नखानेही त्यावर ओरखडा उठतो. त्यामुळे पोकळ ओतलेल्या पुतळ्याचे पत्रे तोडायला करवत किंवा छिन्नी-घण लागत नाही. कढईत मावतील एवढे तुकडे झाले, की बाकीचे काम जाळ करतो. मात्र असे तुकडे कोरडे असणे अत्यावश्यक असते. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब असलेला तुकडा पडला, तर पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि कढईतले शिसे भोवतालच्या माणसांच्या अंगावर उडते. उघड्यावर सहा वर्षे उभ्या असलेल्या, आतून पोकळ, लोखंडी सांगाडा असलेल्या पुतळ्यात पाणी-माती साचण्याच्या जागा भरपूर असणार. तेव्हा छप्पर केवळ सावलीसाठी नव्हते, असे म्हणायला हरकत नाही.

शिसे वितळले, की वर राखाडी मळी येते. तीत शिशाचा ऑक्साइड, माती आणि वर्खाखालचा लेप असे सगळे असते. ती पळीने काढून टाकावी लागते. दर कढईमागे थोडा धातू मळीतच जातो, आणि वजनाच्या हिशेबात ही तूट मोजावी लागते. त्यानंतर पळीने शिसे साच्यात ओतायचे. त्या काळचा हातातला गोळीचा साचा साधारण अडकित्त्यासारखा असे: दोन दांड्या, मध्ये बिजागरी, आणि मिटल्यावर दोन्ही पात्यांतल्या अर्धगोल खळग्यांचा मिळून एक पूर्ण गोल. वरच्या भोकातून शिसे आत जाते, क्षणभरात थिजते आणि दांड्या फाकवताच गोळी खाली पडते. भोकाच्या जागी राहिलेला देठ कापून पुन्हा कढईत टाकला जातो. साचा थंड असेल तर शिसे खळगा भरण्यापूर्वीच थिजू लागते आणि गोळीच्या अंगावर सुरकुत्या उमटतात; म्हणून सकाळच्या पहिल्या काही गोळ्या हमखास परत कढईत जातात. साचा तापून लयीत आला, की गोळ्या गुळगुळीत निघू लागतात. या कामात फुकट काही जात नाही, बिघडलेली गोळी म्हणजे पुन्हा वितळायचे शिसे. आणि म्हणूनच ते शिकाऊ हातांवरही सोपवता येते.

इथे मिश्रधातूचा प्रश्न येतो. आज छंद म्हणून गोळ्या ओतणारे अमेरिकी लोक शिशात कथील आणि अँटिमनी मिसळतात: कथलामुळे धातू साच्यात नीट भरतो आणि अँटिमनीमुळे गोळी कठीण होते. छापखान्यातले खिळे ज्या मिश्रधातूचे असत, तोही याच तिघांचा, फक्त अँटिमनी कितीतरी जास्त. ठासणीच्या बंदुकीला हा कठीणपणा नको होता. तिची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान ठेवत, कारण दहा-पंधरा बार झाल्यावर दारूची काजळी नळीत साचते आणि घट्ट बसणारी गोळी गजाने ठासूनही खाली जात नाही. मधली फट काडतुसाचा कागद भरून काढत असे. ०.७५ इंच नळीच्या ब्रिटिश मस्केटमध्ये, म्हणजे अशाच ठासणीच्या बंदुकीत, जाणारी गोळी साधारण ०.६९ इंचाची असे. अशा सैल गोळीला वेगाचा किंवा नळीतल्या आट्यांचा ताण सोसावा लागत नाही, त्यामुळे मऊ शिसे तिला पुरेसे होते. पुतळ्याचा धातू फारसे काही न मिसळता उपयोगी पडला, यामागे बंदुकीची ही रचना आहे.

हिशेबाचा कागद

या प्रकरणाचे खरे मोल वॉलकॉट यांच्या कागदपत्रांत मिळालेल्या एका हिशेबात आहे. किती काडतुसे कुणी केली, हे त्यात नावानिशी लिहिले आहे. शेजारच्या श्रीमती मार्विन यांची ६,०५८, रूथ मार्विन हिची ११,५९२, वॉलकॉट यांची थोरली मुलगी लॉरा हिची ८,३७८, धाकटी मेरी ॲन हिची १०,७९०, फ्रेडरिकची ९३६, श्रीमती बीच यांची १,८०२, इतर निरनिराळ्या व्यक्तींची २,१८२, धोक्याच्या इशाऱ्याच्या वेळी लिचफील्डच्या नागरी सेनेला दिलेली ५०, आणि कर्नल विगल्सवर्थ यांच्या पलटणीला दिलेली ३००. बेरीज ४२,०८८, आणि ती बरोबर जुळते.

कागद बारकाईने पाहिला, की दोन-तीन गोष्टी लक्षात येतात. वाटून टाकलेली ३५० काडतुसे बेरजेत धरली आहेत. म्हणजे शिल्लक मोजणे हा हिशेबाचा हेतू नव्हता, एकूण किती माल झाला हे सांगणे हा होता. दुसरे असे की, सगळ्यात मोठे आकडे स्त्रियांचे आणि मुलींचे आहेत. मेरी ॲन त्या वेळी अकरा वर्षांच्या आसपास होती, लॉरा चौदा-पंधरा वर्षांची. फ्रेडरिक तर आठ-नऊ वर्षांचा पोर. त्याची ९३६ त्या मानाने कौतुकाची म्हणायला हवीत. पुतळा तोडणाऱ्या वडिलांच्या नावापुढे कागदात एकही काडतूस नाही.

फ्रेडरिकच्या आठवणीतली ‘मजा’ मला या आकड्यांसमोर थोडी फिकी वाटते. एका काडतुसाला गोळी ओतण्यापासून कागद गुंडाळून टोक वळवण्यापर्यंत सरासरी एकच मिनिट लागते असे गृहीत धरले (आणि हा अंदाज उदार आहे), तरी रूथ मार्विनच्या ११,५९२ काडतुसांना सुमारे १९३ तास होतात, म्हणजे दहा-दहा तासांचे एकोणीस दिवस. हे एका दुपारच्या हौसेचे काम नव्हे. ज्या मुलाने ९३६ केली त्याला ती मजा वाटली असेल. जिने बारा हजारांच्या घरात केली, तिचे मत आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

शिशाच्या अपायाची बाजूही इथे नोंदवायला हवी. शिसे नुसते वितळते तेवढ्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. कढई गरजेपेक्षा खूप तापली तर धोका वाढतो. खरा धोका मळी काढताना उडणाऱ्या भुकटीत आणि काळवंडलेल्या हातांत असतो, आणि लहान मुलांच्या शरीरात शिसे मोठ्यांपेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते. ही समज त्या पिढीला अगदीच नव्हती असे नाही. जाहीरनाम्याच्या मसुदा समितीत बसलेले बेंजामिन फ्रँकलिन मूळचे छापखान्याचे कारागीर. १७८६ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी सांगितले आहे की, तरुणपणी लंडनमध्ये गरम केलेल्या खिळ्यांवर काम करताना हाताच्या हाडांत दुखल्यासारखे वाटे, आणि खिळे ओतणाऱ्यांपैकी हात न धुता जेवायला बसणाऱ्यांना शिसे बाधते असे त्यांना कळले होते. आज हौशी ओतकाम करणाऱ्यांना जे सांगितले जाते, म्हणजे उघड्या हवेत काम करा, कढई बेताची तापवा, हात धुतल्याशिवाय खाऊ नका, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना दूर ठेवा, त्याचा काही भाग त्या एका पत्रात आहे. लिचफील्डच्या बागेत हवा मोकळी होती, एवढीच गोष्ट त्या मुलींच्या बाजूची.

वजनाचा मेळ

आता मूळ प्रश्न. ०.६९ इंच व्यासाची शिशाची गोळी सुमारे ३२ ग्रॅमची, म्हणजे पौंडाला १४. त्या हिशेबाने ४२,०८८ गोळ्यांना साधारण ३,००० पौंड शिसे लागते. फ्रेंच बनावटीच्या लहान नळीच्या मस्केटसाठी पौंडाला १८ अशा गोळ्या धरल्या, तर सुमारे २,३४० पौंड. पुतळा ४,००० पौंडांचा होता हा बँग्ज यांचा आकडा स्वीकारला, तर १,००० ते १,६६० पौंड शिशाचा पत्ता लागत नाही. मळीतली तूट धरली तरी एवढी घट होत नाही. जाणत्या हाताने मळी ढवळून तीतला बराचसा धातू परत मिळवता येतो. बँग्ज यांनी पुतळा तराजूत घातला नव्हता आणि त्यांचा आकडा गोळाबेरीज वाटतो, हेही खरे. परंतु काही तुकडे लिचफील्डला पोहोचलेच नाहीत, याचा पुरावा वजनकाट्याबाहेरही आहे.

राजाचे मुंडके न्यूयॉर्कमध्येच वेगळे झाले होते आणि ते किल्ल्यावर भाल्याच्या टोकाला खोचण्याचा बेत होता. ब्रिटिश अभियंता जॉन माँट्रेसर यांनी आपल्या माणसांकरवी ते हस्तगत केले, पुरून ठेवले आणि पुढे इंग्लंडला लॉर्ड टाउन्शेंड यांच्याकडे पाठवले. नोव्हेंबर १७७७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांनी ते लंडनमध्ये पाहिले. बाकीची गळती वाटेत झाली. नॉरवॉकहून उत्तरेला जाताना विल्टन नावाचे गाव लागते (शिल्पकाराचे आडनावही तेच, हा निव्वळ योगायोग). तिथल्या राजनिष्ठ लोकांनी गाड्यांवरचे काही तुकडे पळवून दलदलीत लपवले असे परंपरेने सांगितले जाते, आणि जमीन या सांगण्याला दुजोरा देत आली आहे. १८७१ मध्ये विल्टनमध्ये घोड्याची शेपटी आणि इतर तुकडे सापडले. ते १८७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ऐतिहासिक संस्थेने विकत घेतले. त्यानंतरही अधूनमधून तुकडे मिळत राहिले, आणि १९९१ मध्ये त्याच गावात राजाचा कोपरापासून पुढचा हात जमिनीतून वर आला.

पिट यांच्या संगमरवरी पुतळ्याचे मुंडके ब्रिटिश सैनिकांनी शहर ताब्यात आल्यावर उडवले. त्याचे धड टिकले, कारण त्याच्या गोळ्या होऊ शकत नव्हत्या. बोलिंग ग्रीनभोवतीचे १७७१ चे लोखंडी कुंपणही अजून जागेवर आहे. त्याच्या खांबांवरची शोभेची टोके तेवढी कापलेली आहेत, आणि हात फिरवला तर कापल्याच्या खुणा बोटांना लागतात. विल्टनच्या मातीत अजून किती पौंड शिसे पडून आहे, हे वरच्या वजाबाकीवरून ज्याने त्याने काढावे. त्यातून शेपटी, हात आणि मुंडके मात्र वजा करायला विसरू नये.